आधी पाला, मग कंद

देशी पालकाचं बी आणि बिटाचं बी तळहातावर शेजारी शेजारी घेऊन पाहा. दोन्ही खडबडीत, ओबडधोबड, मातकट रंगाची आणि आकाराच्या मानाने फारच हलकी. नखाने टोकरलं तर वरचं आवरण बुचासारखं लागतं. पाकिटावरचं नाव झाकलं, तर कुठलं बी कशाचं हे सरावलेल्या माणसालाही चटकन सांगता येत नाही. कारण साधं आहे. आपल्या बाजारात जुड्या बांधून येणारा देशी पालक हा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने बीटच आहे. दोघांची जात एकच, बेटा व्हल्गॅरिस. एकाचा कंद वाढवला, दुसऱ्याचं पान वाढवलं, एवढाच फरक. इराणच्या बाजूने जगभर पसरलेला पालक, ज्याला आपल्याकडे विलायती पालक म्हणतात, तो वेगळ्या प्रजातीतला.

कोलकात्याच्या शिबपूर वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याने अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी हिंदुस्थानातल्या वनस्पतींची नोंद केली, तेव्हा बंगालच्या भाजीमळ्यांतल्या या पालकाला त्याने बेटा बेंगालेन्सिस असं नाव दिलं. म्हणजे त्या स्कॉटिश डॉक्टरला हे झाड बिटाच्या घरातलं आहे, हे पाहताक्षणी कळलं होतं. आज त्याला बिटाचाच एक प्रकार मानतात. ‘ऑल ग्रीन’ आणि ‘पुसा ज्योती’ हे पालकाचे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचे गाजलेले वाण या पानबिटाचेच.

बीट ही इंग्रजांबरोबर आलेली परकी भाजी, असं आपण धरून चालतो. कंदापुरतं ते खरं आहे. पण त्याच झाडाचं पान आपल्या परसात कंदाच्या कितीतरी आधीपासून रुजलेलं आहे. बिटाच्या साऱ्या इतिहासाचा क्रमही हाच आहे. माणसाने त्याचं पान दोन-अडीच हजार वर्षं खाल्लं. फुगीर, गोड, लाल कंद हा गेल्या चार-पाचशे वर्षांचा प्रकार. असं असताना आज आपण कंद ठेवतो आणि पाला कचऱ्यात टाकतो, हे मला फार खटकतं. म्हणून हा मागोवा.

सुरुवात समुद्रकाठी होते. बिटाचा रानटी पूर्वज, समुद्रबीट, आजही भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर आणि तिथून अटलांटिकच्या कडेकडेने पोर्तुगाल, फ्रान्स, ब्रिटनपर्यंत खडकांच्या फटींत, वाळूच्या वरच्या अंगाला वाढलेलं दिसतं. पानं जाड, तुकतुकीत, चवीला खारट. मूळ चिवट, फाटे फुटलेलं, लाकडासारखं. त्याची फळं बुचासारखी हलकी असल्यामुळे भरतीच्या पाण्यावर तरंगत दूर जातात आणि जिथे लागतील तिथे रुजतात. तळहातावरच्या बियांचं ते हलकं, बुचाचं अंग तिथून आलेलं आहे.

समुद्राचा हा वारसा बिटाने सोडलेला नाही. घेवडा, गाजर, कांदा यांना जमिनीतला क्षार फार लवकर बाधतो. बीट त्यांच्या कितीतरी पुढे जाऊन तग धरतं. जुने इंग्रज माळी बिटाच्या वाफ्यात मुद्दाम थोडं मीठ टाकत असत, आणि त्यात तथ्य होतं, कारण सोडियम या पिकाला मानवतो. ज्यांच्या घरी बोअरचं पाणी जरा मचूळ आहे, त्यांनी बीट लावायला घाबरू नये. मात्र एक पथ्य आहे. मोठं झाड जेवढा खार सोसतं तेवढा उगवतं बी सोसत नाही. पहिले पंधरा दिवस पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं गोडं पाणी द्यावं आणि मग बोअरकडे वळावं.

डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ टायब्रिंड व्हिग इथे, आता पाण्याखाली गेलेल्या मध्याश्मयुगीन वस्तीत, समुद्रबिटाच्या मुळाचे जळके तुकडे सापडले आहेत. तेव्हा शेती तिथे पोचलीही नव्हती. म्हणजे शिकार आणि मासेमारीवर जगणारी माणसं हे मूळ भाजून खात होती. पण ज्यांनी बीट मळ्यात आणलं त्यांना हवं होतं पान. बॅबिलोनचा राजा मर्दुक-अप्ला-इद्दिना याच्या बागेतल्या वनस्पतींची यादी मातीच्या विटेवर कोरलेली मिळाली आहे, काळ इसवी सनापूर्वीचं आठवं शतक. लसूण, कांदा, कोथिंबीर यांच्या पंगतीत तिथे बीट आहे. ग्रीक वनस्पतिज्ञ थिओफ्रास्टसला फिकट आणि गडद असे बिटाचे दोन प्रकार ठाऊक होते. रोमन लेखक प्लिनी सांगतो की डेल्फीच्या अपोलो मंदिरात मुळा सोन्याचा, बीट चांदीचं आणि सलगम शिशाचं घडवून वाहिलेलं होतं. देवापुढच्या या उतरंडीत बिटाला मधली जागा मिळाली. रोमन स्वयंपाकाच्या ‘एपिकियस’ या संग्रहातही बिटाच्या कृती आहेत. पुढे इसवी सन ८०० च्या सुमारास सम्राट शार्लमेनच्या जहागिरींसाठी निघालेल्या फर्मानात, मळ्यात कोणत्या भाज्या असायलाच हव्यात त्यांच्या यादीत बीट येतं. या सगळ्या काळात बीट म्हणजे मुख्यतः पाला आणि देठ. मूळ वापरत ते बहुधा औषधापुरतं.

कंदाकडे वळण नेमकं कुठे लागलं हे एका जागी बोट ठेवून सांगता येणार नाही, पण सोळाव्या शतकातल्या युरोपीय वनस्पतिग्रंथांत ते स्पष्ट दिसू लागतं. जाड, लाल मुळाच्या बिटाला त्या ग्रंथांत ‘रोमन बीट’ म्हटलं आहे, म्हणजे उत्तरेकडच्या लोकांना ते इटलीकडून मिळालं असावं. लंडनचा जॉन जेरार्ड १५९७ च्या आपल्या ग्रंथात मोठ्या लाल रोमन बिटाचं वर्णन करतो. लीट नावाच्या एका व्यापाऱ्याने परदेशातून त्याचं बी आणून दिलं, हेही तो नमूद करतो. त्याने ते आपल्या बागेत पेरलं आणि त्याच्या रंगाने तो हरखून गेला होता, हे त्याच्या मजकुरात जाणवतं. घराच्या बागेतलं कंदाचं बीट इतकं ताजं आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या जेमतेम तीस-पस्तीस वर्षं आधी लंडनच्या माळ्याला त्याचं अप्रूप होतं.

हा कंद म्हणजे सगळं मूळही नव्हे. बीट वाफ्यात निम्मं मातीच्या वर डोकावतं, ते पाहून नवा माणूस घाबरतो आणि त्यावर माती ओढतो. घाबरण्याचं कारण नाही. फुगतो तो मुख्यतः मूळ आणि पहिल्या पानांच्या मधला खोडाचा भाग, आणि तो वर येणारच. खालची शेपटी तेवढी खरी मुळाची. बीट आडवं कापलं की जी वलयं दिसतात तीही वर्षांची नसतात. वाढीचे थर एकाभोवती एक असे थोड्याच आठवड्यांत तयार होतात आणि मग सगळे एकदम जाड होत जातात. ऊन फार झालं की ही वलयं फिकट, पांढरट दिसतात. मार्चमध्ये काढलेलं बीट आणि जानेवारीतलं बीट कापून शेजारी ठेवलं तर हे डोळ्यांनी पडताळता येतं.

पूर्व युरोपात लाल कंदाने आणखी एक जागा घेतली. बोर्श्ट म्हणून जे आंबट सार प्रसिद्ध आहे, ते मुळात एका रानपाल्याचं केलं जाई. बीट त्यात नंतर आलं, आणि इतकं मुरलं की आज बिटाशिवाय बोर्श्टची कल्पना करता येत नाही. युक्रेनमध्ये युद्ध पेटलेलं असताना, जुलै २०२२ मध्ये, युनेस्कोने युक्रेनी बोर्श्टच्या परंपरेला तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत स्थान दिलं.

आता त्या घराण्याची सर्वांत श्रीमंत शाखा. १७४७ साली बर्लिनमध्ये आंद्रेआस मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की बिटातली साखर आणि उसातली साखर एकच आहे. त्याचा शिष्य फ्रान्झ आखार्ड याने सायलेशियातल्या कुनर्न इथे, जे आज पोलंडमध्ये आहे, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत बिटाच्या साखरेचा कारखाना काढला. तेव्हाच्या पांढऱ्या बिटात साखर होती सुमारे सहा टक्के. एवढ्यावर हा धंदा तरला नसता, पण नेपोलियन आणि इंग्लंड यांच्या नाकेबंदीत वेस्ट इंडीजची उसाची साखर युरोपला मिळेनाशी झाली. १८११ मध्ये नेपोलियनने हजारो हेक्टरांवर बीट लावण्याचा हुकूम काढला. पुढच्या जानेवारीत पॅरिसजवळच्या पासी इथल्या बेंजामिन देलेसेरच्या कारखान्यात बिटाची साखर तयार झालेली पाहून त्याने आपल्या अंगावरचं मानचिन्ह काढून देलेसेरच्या छातीवर लावलं, अशी हकिकत सांगतात.

मला या कथेतला सगळ्यांत मोलाचा माणूस वाटतो तो लुई द व्हिल्मोरँ, बियाण्यांच्या पिढीजात घराण्यातला फ्रेंच. साखर जास्त तर कंद जड, हे ओळखून त्याने कंदाचे तुकडे मिठाच्या पाण्यात सोडून त्यांची घनता तपासली. गोड निघालेली बिटं बियाण्याला ठेवायची आणि मग प्रत्येकाची पुढची पिढी वेगळी पेरून पाहायची. चांगल्या दिसणाऱ्या बिटाची पोरंही चांगली निघतात का, हा प्रश्न त्याने विचारला. मेंडेलचे वाटाणे छापून येण्याच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट, १८५६ ची. आपला भात उत्पादकही पेरणीआधी साळी मिठाच्या पाण्यात टाकून पोकळ दाणे वर काढतो. तत्त्व तेच. त्या निवडीच्या जोरावर आज शर्कराबिटात सोळा-अठरा टक्के साखर असते आणि जगातल्या साखरेचा साधारण पाचवा हिस्सा त्यातून येतो.

या साखरेचा आपल्याला चटका बसलेला आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीची सरकारं आपल्या कारखानदारांना निर्यातीवर बक्षिसी देत. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बिटाची स्वस्त साखर मुंबई-कराचीच्या बंदरांत उतरू लागली आणि देशी खांडसरी-गुळाचा बाजार खाऊ लागली. शेवटी १८९९ मध्ये कर्झनच्या कारकिर्दीत या साखरेवर जादा जकात बसवावी लागली. पुढे स्वदेशीच्या चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरही लोकांनी टाकली. तिच्यात जावाच्या उसाची साखर होती, तशी युरोपच्या बिटाचीही होती. अलीकडे उलटं वळण आलं. पाणी कमी लागतं आणि खारवट जमिनीत येतं म्हणून उष्ण हवेला चालणाऱ्या शर्कराबिटाच्या चाचण्या पुण्याजवळच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने घेतल्या. उसाने चोपण झालेल्या जमिनींकडे पाहिलं की समुद्रकाठच्या या झाडाला अजून संधी द्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या परसातलं लाल बीट मात्र साहेबांच्या बंगल्यांच्या आवारातून आलं. छावण्या आणि थंड हवेची ठिकाणं वसली तसे तिथे विलायती भाज्यांचे वाफे आले. महाबळेश्वरच्या जुन्या तुरुंगात पूर्वेकडच्या इंग्रजी वसाहतींतून पाठवलेले चिनी कैदी ठेवत. बटाटा आणि इंग्रजी भाज्या त्या डोंगरावर रुजवण्याचं श्रेय सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरने त्यांना दिलं आहे. पुण्यात गणेशखिंडीच्या वनस्पती उद्यानाचे मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर लिहिलेलं पुस्तक कित्येक आवृत्त्या निघून घरोघरच्या हौशी बागाइतदारांपर्यंत गेलं. अशा वाटेने या भाज्या माळ्यांच्या हाती आल्या आणि माळ्यांकडून गावोगाव गेल्या.

आपल्या दुकानात मिळणारं बी बहुधा ‘डेट्रॉइट डार्क रेड’ किंवा ‘क्रिमसन ग्लोब’ या वाणांचं असतं. पहिल्याची गोष्ट छान आहे. कॅनडातल्या पोर्ट होप गावच्या एका शेतकऱ्याने सलगमासारख्या गोल लाल बिटातून निवड करत हा वाण वेगळा काढला आणि डेट्रॉइटच्या फेरी कंपनीने तो १८९२ मध्ये बाजारात आणला. सव्वाशे वर्षं उलटली तरी तो आपल्या कुंड्यांत आहे.

पण त्याचं बी आपल्या घरी धरत नाही. बीट दोन वर्षांचं झाड. पहिल्या वर्षी कंदात पुंजी साठवायची, मग कडाक्याच्या थंडीचे काही आठवडे सोसायचे आणि त्यानंतर फुलोरा काढायचा. पुणे-नाशिकची थंडी त्याला पुरत नाही. म्हणून त्याचं बी काश्मीर-हिमाचलच्या डोंगरांत करतात. तामिळनाडू कृषी विद्यापीठाचा ‘ऊटी १’ हा वाण निलगिरीच्या उंचीवर बी देतो. पानबिटाला, म्हणजे आपल्या पालकाला, एवढ्या थंडीची गरज नाही. फेब्रुवारी संपत आला की त्याचा दांडा वर जातो आणि घरचं बी हाती येतं. पालकाने इथली हवा आपलीशी केली, कंदाने अजून केलेली नाही. दोघांचा इथला मुक्काम किती हे एवढ्यावरून ओळखावं. डोंगरावर मात्र दोघं जवळ फुलले तर वाऱ्याने पराग मिसळतात, म्हणून बियाण्याचे प्लॉट किलोमीटरभर तरी लांब ठेवावे लागतात.

त्या खडबडीत बियांकडे पुन्हा येऊ. आपण ज्याला एक बी म्हणतो तो खरं तर दोन ते पाच फळांचा चिकटलेला गुच्छ असतो. एक टोचलं की तीन-चार कोंब एकाच भोकातून वर येतात, आणि ती गर्दी तशीच राहिली तर एकही कंद धड पोसत नाही. शर्कराबिटाच्या शेतात ही विरळणी माणसं ओणव्याने, आखूड दांड्याच्या कुदळीने करत आणि कंबर मोडून घेत. युक्रेनमधून अमेरिकेत गेलेले व्ही. एफ. सावित्स्की यांना १९४८ मध्ये ओरेगॉनच्या शेतात एकेरी बियांची मोजकी झाडं सापडली. त्यांच्यापासून एकबीजी वाण निघाले आणि त्या कष्टांतून शेतमजुरांची सुटका झाली. भाजीच्या बिटाचं बी मात्र बहुतेक ठिकाणी अजून गुच्छाचंच आहे. घरच्या बागेत तो तोटा नाही, कारण विरळणीत निघालेली कोवळी रोपं ही भाजीच असते.

रंगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यावरून एक मोठा गैरसमज पसरला आहे. बीट रक्तासारखं लाल म्हणून ते रक्त वाढवतं, असं घरोघरी म्हणतात. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी असतं. त्याच्या पानात त्याच्या तिप्पट असतं. बिटाचा रंग बीटालेन नावाच्या द्रव्याचा, लोहाचा नव्हे. हा रंग वनस्पतींच्या एका मोजक्या गोतातच असतो. लाल माठ, राजगिरा, निवडुंगाचं बोंड, बोगनवेल, गुलबक्षी ही सगळी त्या गोतातली. जांभूळ, वांगं, कोकम यांचा रंग अगदी वेगळ्या द्रव्याचा, आणि हे दोन्ही रंग एका झाडात कधी एकत्र आढळत नाहीत. बीटालेन पाण्यात विरघळतं आणि फार उष्णतेने उडतं, म्हणून बीट शिजवताना शेपटी आणि बोटभर देठ ठेवून सालासकट उकडावं. लिंबू पिळलं की रंग टिकतो. दाण्याचं कूट, लिंबू आणि हिंग-मिरचीची फोडणी घातलेली कोशिंबीर संध्याकाळपर्यंत तशीच लालभडक दिसते ती म्हणून. बिटाला येणारा मातीचा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि पहिल्या पावसात माती दरवळते ती त्याच द्रव्यामुळे. काहींना तो बिटात नकोसा वाटतो. मला तो बिटाचा खरा वास वाटतो.

मुंबईच्या फुटपाथवरच्या सँडविचमध्ये उकडलेल्या बिटाची चकती काकडी-बटाट्याच्या बरोबरीने बसली, कटलेटला त्याने रंग दिला. कंद असा शहरात रुळला. पाला मात्र मंडईत पोचण्याआधीच छाटला जातो, कारण तो लवकर कोमेजतो आणि जागा अडवतो. बाजारावर अवलंबून असणाऱ्याला बिटाची निम्मी भाजी दिसतच नाही. ती फक्त स्वतः पेरणाऱ्याला मिळते.

तेव्हा पाऊस ओसरला की, सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, एक वाफा किंवा दोन खोल कुंड्या बिटासाठी ठेवा. बी रात्रभर भिजवा, बोटाच्या पेराएवढं खोल पेरा, ताजं शेणखत टाळा, चांगलं कुजलेलं घाला. रोपं चार पानांवर आली की चार बोटांच्या अंतरावर एकेकच ठेवा आणि उपटलेली रोपं आमटीत टाका. कंद भरत असताना दर खेपेला एका झाडाची बाहेरची दोनच पानं खुडा, आतली राहू द्या. लसणाच्या फोडणीवर, मुगाची भिजवलेली डाळ घालून किंवा पीठ पेरून त्यांची भाजी करा. दोन-अडीच महिन्यांत कंद क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडे लहान असतानाच काढा, त्यापुढे ते जून आणि दोरीदार होतात. आणि काढल्या दिवशी आधी पाल्याची भाजी करा. कंद फ्रिजमध्ये पंधरा दिवस थांबेल, पाला दुसऱ्या दिवशीही थांबत नाही.